फॅलन शेरॉक आणि आमच्या पडवीतला डार्टबोर्ड

पडवीवाली

नमस्कार मंडळी,

क्रीडा विभाग पालथा घातला, फुटबॉल आहे, क्रिकेट आहे, बुद्धिबळ आहे, पण डार्ट्सवर, म्हणजे बोर्डावर छोटे बाण फेकायच्या खेळावर, एकही धागा सापडला नाही. म्हणून हा मीच काढते. मी फोंडा तालुक्यातली, घरी शिवणकाम करते. धाकटे भाऊजी तारवटी. २०२० च्या मार्चमध्ये ते सुट्टीवर आले आणि टाळेबंदीत इथेच अडकले. त्यांच्या ट्रंकेत जहाजावरचा एक जुना डार्टबोर्ड होता. पडवीच्या भिंतीला खिळा ठोकून तो टांगला. मोजमाप माझ्याकडे आलं, कारण टेप माझी. बोर्डाचा मध्य जमिनीपासून १७३ सेंटीमीटर, उभं राहायची रेघ बोर्डापासून २३७ सेंटीमीटर. शिवणाची टेप दीडशेची असते, म्हणजे एक अख्खी टेप आणि वर ८७. तिथे कापडावर मारतो त्या खडूने रेघ मारली. केर काढताना ती पुसली जाते आणि मी परत मारते, इतकी वर्षं हेच चाललंय.

त्याच दिवसांत भाऊजींनी मोबाइलवर एक सामना दाखवला. लंडनचा अलेक्झांड्रा पॅलेस, १७ डिसेंबर २०१९, जागतिक अजिंक्यपदाची पहिली फेरी. पंचवीस वर्षांची फॅलन शेरॉक विरुद्ध टेड एव्हेट्स. दोन-दोन सेट झालेले आणि पाचवा चालू. हॉलमधली गर्दी अशी ओरडत होती की भाऊजींनी आवाज कमी केला, सासूबाई आत झोपल्या होत्या. शेवटी तिचे ३६ उरले, म्हणजे डबल १८ हवा. तिने हात उचलला, टाकला, डार्ट आत. पीडीसी या व्यावसायिक डार्ट्स संघटनेच्या जागतिक अजिंक्यपदात बाईने जिंकलेला तो पहिला सामना. मी तो तुकडा त्या दिवशी चार वेळा पाहिला.

चार दिवसांनी, २१ तारखेला, तिने अकराव्या मानांकित मेन्सूर सुलजोविचला ३-१ हरवलं आणि शेवटचा डार्ट थेट बुलमध्ये मारला. तिसऱ्या फेरीत ख्रिस डोबीकडून ४-२ हरली. बक्षीस २५,००० पौंड.

त्याआधीचं मला नंतर कळलं आणि ते मला जास्त लागलं. ती मिल्टन कीन्सची, लोकांच्या घरी जाऊन केस कापायचं काम करायची. माझं काम शिवणाचं, तिचं कात्रीचं, म्हणून असेल कदाचित, ती मला लगेच आपली वाटली. मुलगा झाल्यावर तिला मूत्रपिंडाचा आजार जडला. त्यातही २०१५ ला बीडीओ या दुसऱ्या संघटनेच्या जागतिक स्पर्धेत अंतिम फेरी गाठली, लिसा ॲश्टनकडून ३-१ हरली. पुढे २०१७ त औषधांमुळे तिचा चेहरा सुजला. टीव्हीवर तिला पाहून लोकांनी समाजमाध्यमांवर तिच्या तोंडाबद्दल नको नको ते लिहिलं. तरी ती परत रेषेवर येऊन उभी राहिली. अलेक्झांड्रा पॅलेसच्या रात्रीइतकंच मला हे मोठं वाटतं.

तुमच्यापैकी कोण डार्ट्स बघतं, कोण खेळतं? लिहा ना.

शुक्रवारचा बाजार

ताई, धागा आवडला. पण मला नियमातलं काहीच कळत नाही. डबल १८, बुल, सेट म्हणजे काय? डार्ट्समध्ये ५०१ वरून सुरुवात करतात म्हणे, तो आकडा कुठून आला ते तर सोडाच.

गणिताची बाई

मी सांगते. मला हा खेळ वर्गात फार कामाला येतो, सातवीच्या मुलांची वजाबाकी याने सुधारते.

दोघांचेही ५०१ असतात. एका पाळीत तीन डार्ट. जितके गुण पडतील तितके वजा करायचे आणि बरोब्बर शून्यावर यायचं. शेवटचा डार्ट डबलमध्ये, म्हणजे बोर्डाच्या अगदी बाहेरच्या बारीक पट्ट्यात, किंवा मधल्या बुलमध्ये पडला पाहिजे. मधला लाल बुल ५०, त्याभोवतीचा हिरवा २५. आतला बारीक पट्टा ट्रेबल, तिथे तिप्पट. म्हणून ट्रेबल २० चे ६० आणि तीन मिळून १८०. तो पट्टा साधारण ८ मिलिमीटर रुंद, आपल्या करंगळीपेक्षाही बारीक. असा एक डाव म्हणजे लेग. तीन लेग जिंकले की एक सेट.

आकड्यांची मांडणी मुद्दाम तशी केलेली आहे. २० च्या एका बाजूला १, दुसऱ्या बाजूला ५. नेम जरा हलला की साठाऐवजी एक. मुलांना मी विचारते, ३२ उरले आणि ३६ उरले यांत बरं कोणतं? ३२ ला डबल १६ चुकून साध्या १६ त गेला तर १६ उरतात, मग डबल ८. तोही साध्यात गेला तर डबल ४, मग डबल २, मग डबल १. प्रत्येक चुकीनंतर वाट उघडी राहते. ३६ ला डबल १८ चुकून साध्या १८ त गेला तर उरले १८, मग डबल ९. तो साध्या ९ त गेला तर उरले ९, विषम, आणि विषम आकड्याला डबल नसतो. आधी एक डार्ट घालवून तो सम करावा लागतो. ताईंनी सांगितलेल्या त्या सामन्यात तिच्यापुढे ३६ होते. आता परत बघा तो तुकडा.

सत्तरीकर

चर्चा चांगली चाललीय. मला एक प्रामाणिक प्रश्न आहे, कोणाला कमी लेखायचा हेतू नाही. डार्ट साधारण वीस-पंचवीस ग्रॅमचा. यात ताकदीचा प्रश्न नाही, उंचीचा नाही, धावायचं नाही. मग बायकांच्या वेगळ्या स्पर्धा कशाला? आणि एका बाईने दोन सामने जिंकले याचं एवढं कौतुक का? बरोबरीचा खेळ असेल तर ते साहजिकच धरायला हवं.

पडवीवाली

सत्तरीकर दादा, हाच प्रश्न मी भाऊजींना विचारला होता. तेव्हापासून जे वाचलं, पाहिलं त्यावरून सांगते.

त्या वर्षीच्या स्पर्धेत ९६ खेळाडू होते. त्यांत बायकांसाठी जागा दोन. एक ब्रिटन-आयर्लंडची, ती शेरॉकला मिळाली. दुसरी उरलेल्या जगाची, ती जपानच्या मिकुरू सुझुकीला. सुझुकीसुद्धा जेम्स रिचर्डसनशी पाचव्या सेटपर्यंत लढून ३-२ हरली. कॅनडाची गेल किंग २००१ साली त्या स्पर्धेत खेळणारी पहिली बाई. तिने एक सेट घेतला आणि ३-१ हरली. तिथपासून एका बाईच्या विजयापर्यंत अठरा वर्षं गेली. त्या अठरा वर्षांत किती बायकांना त्या व्यासपीठावर उभं राहायला मिळालं ते बोटांवर मोजता येईल.

आणि पैसा. २०१९ च्या बीडीओ जागतिक स्पर्धेत पुरुष विजेत्याला १,००,००० पौंड, महिला विजेत्या सुझुकीला १२,०००. बोर्ड तोच, अंतर तेच, ५०१ तेच. एवढ्यात कोण नोकरी सोडून दिवसाचे पाच तास सराव करील? पुढच्या वर्षी बक्षिसाची रक्कमच डळमळीत झाली तेव्हा शेरॉकने त्या स्पर्धेतून नाव काढून घेतलं. मला तिचा तो निर्णय फार पटतो.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर जवळचं सांगते. दोन वर्षांमागे आमच्या भागातल्या एका क्लबात डार्ट्सची स्पर्धा होती. मी आणि माझी लेक गेलो. पुरुषांचे सामने संध्याकाळी सातला, मुख्य हॉलात, दिव्यांच्या झोतात. बायकांचे दुपारी तीनला, कोठीच्या शेजारच्या व्हरांड्यात. बोर्ड इतका झिजलेला की २० च्या जागी डार्ट टिकत नव्हता, पडत होता. डार्ट खाली पडला की गुण शून्य. पुरुषांना रोख रक्कम. मी पहिली आले, मला स्टीलचा डबा मिळाला. डबा चांगला आहे, रोज वापरते. पण पुढच्या वर्षी मी गेले नाही आणि लेकीलाही नेलं नाही. तिला आता वाटतं की मी चुकले, आपण जायला हवं होतं. कदाचित तिचं बरोबर असेल.

तारवटी

वहिनी, मी पण आलो इथे. सध्या जहाज सिंगापूरला आहे, नेट बरं चालतंय.

सत्तरीकर, जहाजावरची गोष्ट सांगतो. करमणुकीच्या खोलीत बोर्ड असतो, ड्युटी संपली की आम्ही रोज दोन तास टाकतो. माझा हात बरा आहे तो त्या तासांमुळे, दुसरं काही नाही. इंग्लंडात हा खेळ पबमध्ये वाढला. मुलगा बापाबरोबर पबमध्ये जातो, दहाव्या वर्षी डार्ट हातात घेतो. आपल्याकडे तावेर्नात कॅरम असतो, तिथे बायका असतात का? ताकद लागत नाही हे खरं, पण तास लागतात, आणि तासांसाठी जागा लागते.

लिसा ॲश्टनबद्दलही लिहा कुणीतरी. चार वेळा जगज्जेती: २०१४, २०१५, २०१७, २०१८. जानेवारी २०२० मध्ये क्यू-स्कूल या पात्रता स्पर्धेतून खेळून टूर कार्ड मिळवणारी पहिली बाई तीच. टूर कार्ड म्हणजे दोन वर्षं पुरुषांच्या बरोबरीने व्यावसायिक स्पर्धांत उतरायचा हक्क, आणि ते फक्त १२८ जणांकडे असतं. आमच्या बोटीवरचा लिव्हरपूलचा इंजिनीअर म्हणायचा, शेरॉकची रात्र मोठी, पण ॲश्टनचं वर्ष मोठं.

मेस्ताची लेक

मी पहिल्यांदाच लिहिते आहे. माझे वडील मेस्त, डिचोलीत आमचा सुतारकामाचा कारखाना. म्हणून मला सर्वांत जवळची वाटते ती ट्रीना गलिव्हर. ती सुतारकाम शिकलेली होती. २००१ साली बायकांची जागतिक स्पर्धा सुरू झाली, पहिली तिनेच जिंकली, आणि मग २००७ पर्यंत ओळीने सात. पुन्हा २०१० आणि २०११. आणि मग पाच वर्षांनी, २०१६ ला, दहावी.

मी रंधा धरलाय, पटाशी धरलीय. बाबा म्हणतात, पटाशी घट्ट धरली की लाकूड फाटतं, सैल धरली की हात कापतो. डार्ट हातात घेतला तेव्हा पहिल्यांदा मला ते वाक्य आठवलं. डार्ट दाबून धरला की तो खाली जातो, सैल सोडला की डोलतो. हे मला कुणी शिकवायची गरज पडली नाही, हाताला आधीच ठाऊक होतं.

सत्तरीकर

तारवटी आणि ताई, पटलं. तासांचा मुद्दा मी धरलाच नव्हता. तरी एक राहतंच: शेरॉकच्या नावावर जागतिक अजिंक्यपद नाही. ॲश्टन आणि गलिव्हर यांच्या तुलनेत तिला जास्त प्रसिद्धी मिळाली, ती योग्य आहे का?

पडवीवाली

हा मुद्दा मला मान्य आहे, अर्धा. अजिंक्यपदांचा हिशोब केला तर गलिव्हर कितीतरी पुढे. पण शेरॉक त्या एका डिसेंबरवर थांबलेली नाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये डार्ट्सच्या प्रीमियर लीगमध्ये पाहुणी म्हणून बोलावली, ग्लेन ड्युरंटशी ६-६ बरोबरी. हा ड्युरंट तीन वेळचा बीडीओ जगज्जेता. सप्टेंबर २०२१, कोपनहेगन, नॉर्डिक मास्टर्सची अंतिम फेरी. टीव्हीवरच्या पीडीसी स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचलेली ती पहिली बाई. समोर मायकल व्हॅन गर्वेन, हरली ११-७. त्याच नोव्हेंबरात वुल्व्हरहॅम्प्टनला ग्रँड स्लॅम ही डार्ट्सची स्पर्धा. गटात गॅब्रिएल क्लेमेन्सविरुद्ध शेवटचा लेग तिने मोठ्या आकड्यावरून एकाच पाळीत संपवला. मग बाद फेरीत परत सुलजोविच, परत तो हरला. उपांत्यपूर्व फेरीत पीटर राइटने तिला १६-१३ असं थोपवलं. १६-१३ म्हणजे २९ लेग! दोन वर्षं झाली होती, लोक म्हणत होते ती रात्र योगायोगाची होती. योगायोग २९ लेग टिकत नाही.

२०२२ ला ब्लॅकपूलच्या विंटर गार्डन्समध्ये पहिल्यांदा बायकांची वर्ल्ड मॅचप्ले ठेवली. ती तिने जिंकली, अंतिम फेरीत एलीन डी ग्राफला ६-३ हरवून. मला वाटतं, तिच्या त्या दोन विजयांशिवाय ही स्पर्धा एवढ्या लवकर उभी राहिली नसती.

गणिताची बाई

मोठ्या आकड्यावरून संपवणं म्हणजे काय ते १६१ घेऊन सांगते, कारण मला तो आकडा वर्गात लिहायला आवडतो. ट्रेबल २० म्हणजे ६०, उरले १०१. ट्रेबल १७ म्हणजे ५१, उरले ५०. आणि ५० म्हणजे बुल. तीन डार्ट बोर्डावर तीन वेगळ्या जागी, एकही इकडचा तिकडे चालत नाही. आणि असं सगळं गणित ती रेषेवर उभी असताना डोक्यात करते, कागद नाही.

कुळागर

आमच्याकडे घरात सगळ्यांना बुद्धिबळाचं वेड, म्हणून तिकडून बोलतो. आपल्या गोव्याची भक्ती कुलकर्णी अर्जुन पुरस्कारापर्यंत पोचली. २०२५ च्या नोव्हेंबरात बुद्धिबळाचा विश्वचषक गोव्यात झाला, त्यात दिव्या देशमुख खुल्या गटात पुरुषांच्या बरोबरीने बसली. पहिल्याच फेरीत हरली, पण माझ्या पुतणीने तो पट बघितला आणि घरी येऊन विचारलं, "काका, मी पण मोठ्या गटात नाव घालू?" सत्तरीकर, वेगळी स्पर्धा आणि खुली स्पर्धा, दोन्ही लागतात. वेगळ्या स्पर्धेत मुलगी पाय रोवते आणि खुल्या स्पर्धेत उंची मोजते.

ताईंना एक प्रश्न: पावसाळ्यात बोर्डाचं काय करता? आमच्या पडवीत जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतीला ओल असते.

पडवीवाली

कुळागर, पावसाळा हाच आमचा मोठा त्रास. बोर्ड घायपाताच्या धाग्यांचा असतो. बांधावर लावतात ती घायपात, तिच्याच जातीतली. धागे उभे दाबून बसवलेले असतात, म्हणून डार्ट काढला की भोक आपोआप मिटतं. ओल लागली की ते धागे फुगतात. पहिल्या पावसाळ्यात आमचा बोर्ड मधोमध असा वर आला की बुलजवळ हात फिरवला तर टेकाड लागायचं. भोकं मिटेनाशी झाली. मागच्या लाकडाला बुरशी.

आता मृग लागला की बोर्ड भिंतीवरून काढते आणि मधल्या खोलीत, चुलीच्या पाठच्या भिंतीला लावते. तिथे कोरडं असतं. अंतर पुरत नाही, २३७ च्या जागी २१० भरतं, तरी हात चालू राहतो. बोर्ड कधीही ओल्या फडक्याने पुसायचा नाही, कोरड्या ब्रशने झाडायचा. आणि महिन्यातून एकदा बाहेरची आकड्यांची तार काढून बोर्ड दोन घरं फिरवायचा, नाहीतर २० ची जागा आधी झिजते. चवथीला पाहुणे आले की पोरांचा सगळा दिवस त्याच्यापुढे जातो.

शुक्रवारचा बाजार

काल रात्री बसून सगळं बघितलं, ताई. बो ग्रीव्ह्जचंही बघितलं. डॉनकास्टरची, २००४ चा जन्म. २०२२, २३, २४ ओळीने तीन वेळा डब्ल्यूडीएफ या जागतिक डार्ट्स महासंघाची जगज्जेती. ऑक्टोबर २०२५ मध्ये युवा विश्व अजिंक्यपदाच्या उपांत्य फेरीत तिने ल्यूक लिटलरला ६-५ हरवलं. हा लिटलर तेव्हा पुरुषांचा जगज्जेता! आणि या मुलीला मध्ये डार्टायटिस झाला होता, म्हणजे हात वर जातो पण बोटं डार्ट सोडत नाहीत. त्यातून ती बाहेर आली.

माझी आई म्हापशाच्या बाजारात मिरच्या विकते. मी तिला तो ६-५ चा शेवटचा लेग दाखवला. तिला नियम ठाऊक नाहीत. तिने एवढंच विचारलं, "ती मुलगी मधे एकदाही हसली कशी नाही गे?" मी म्हटलं, मोजत होती.

फोंड्याला येऊन खेळायचं असेल तर चालेल का? माझ्याकडे डार्ट नाहीत.

मेस्ताची लेक

मी पण येऊ का? बाबा म्हणतात बोर्डाच्या मागे लावायला सागाची चौकट करून देतो, म्हणजे चुकलेला डार्ट भिंतीत घुसणार नाही.

पडवीवाली

दोघीही या. रविवारी दुपारी तीननंतर मी मोकळी असते, शिवण बंद. डार्ट तीन जोड आहेत. चौकटीचं माप कळवते: बोर्ड ४५१ मिलिमीटर व्यासाचा, त्याभोवती वीतभर जागा हवी. मेस्त काकांना माझा नमस्कार सांग. सासूबाईंनी विचारलंय, तुम्ही चहा घेता की सोलकढी.

आणि एक सांगायचं राहिलं. काल संध्याकाळी लेक माझ्याशी खेळत होती. तिचे ३६ उरले. दिवेलागणीची वेळ, सासूबाई तुळशीपुढे दिवा लावून पायरीवर बसल्या होत्या. पहिला डार्ट साध्या १८ त. उरले १८, डबल ९. दुसरा तारेला लागून खाली पडला. तिने तो उचलला नाही, तिसरा हातात धरून उभी राहिली, इतका वेळ की सासूबाईंनी मान वळवून पाहिलं. मग टाकला. आत.

शिवणाच्या वहीत, गिऱ्हाइकांच्या मापांच्या पानावर, तिने तारीख घालून लिहिलं: १८, डबल ९. मी ते पान फाडणार नाही.